नववी, नववा

शुक्रवारी रात्री साडेअकराला
फाटकातून आत येते एलिनेडची व्हॅन, एक दिवा गेलेला.
मी यादीवर खूण करतो: एकाहत्तर.
अंगावर अजून दवाखान्याचा निळा गणवेश.
काच खाली करून विचारते, "वारा कुठला?"
"समुद्रावरचा," मी सांगतो. इथे दुसरा असतो कधी?

युद्धातली ही धावपट्टी. विमानं गेली,
मेंढ्या आल्या, मग आम्ही.
वेल्सच्या या कडेला सपाट म्हणावी अशी एवढीच जागा,
तीही आम्ही वाकडी करून ठेवली, दहा वळणांची.
त्यातलं पाचवं माझं.
सातबारा नाही माझ्या नावाचा,
पण बावीस वर्षं झेंडे घेऊन उभा आहे,
म्हणजे माझंच.

शनिवार. टायरांना ब्लँकेटं गुंडाळलेली,
माणसं कुडकुडतायत.
येस्टिन छपरांवर पाटीची कौलं बसवतो,
इथे तो चौदा नंबर.
त्याची गाडी आणि तिची एकाच वर्षातल्या, चारशे सीसीच्या,
रंग सोडला तर जुळ्या.
तीन मोसम झाले, दोघं भांडतायत नवव्या जागेसाठी.
पहिल्या तिघांना करंडक.
नवव्याला काय?
दहावा मागे आहे, एवढं सुख.

दुपारी दोन वीस.
ती जरा लवकर आत वळली,
पुढचं चाक म्हणालं, मी नाही येत.
मग नुसती खडी,
सुपात कुणी दगडच पाखडावेत तसा आवाज.
मी पिवळा हलवला, हलवत राहिलो.
नियम असा, की पडलेल्याकडे बघायचं नाही,
मागून येणाऱ्यांकडे बघायचं.
बावीस वर्षांत तेवढंच जमलेलं नाही.
ती उठली. आधी गाडीकडे पाहिलं,
बऱ्याच वेळाने स्वतःच्या मनगटाकडे.

क्लचची लिव्हर मुळापासून मोडलेली.
संध्याकाळी व्हॅन टू व्हॅन विचारत फिरली.
येस्टिनने बिस्किटांच्या डब्यातून काढली एक,
तेलकट फडक्यात बाळासारखी बांधलेली.
"उद्या परत. आणि सरळ."

रविवारी सकाळी त्याचीच मोडली.
धडक नाही, पडझड नाही.
माक्सेनने, त्याच्या सोळा वर्षांच्या लेकाने,
व्हॅन मागे घेतली फक्त.
उभी गाडी आडवी.

आता लिव्हर एक, गाड्या दोन, शर्यती दोन.
येस्टिन काही मागत नव्हता. ती काही बोलत नव्हती.
मग तिनेच खिशातून नाणं काढलं.
सकाळची तिला.
दुपारची त्याला.

आठ फेऱ्या. माझ्या वळणावर आठदा तिचा गुडघा
डांबराला विचारून गेला, आहेस ना?
नववी.
इंजिन बंद होतं न होतं तोच खाली बसली पाना घेऊन,
हेल्मेट डोक्यातच.
लिव्हर त्याच्या हातात पडली तेव्हा गरम होती.
दुपारी तो गेला.
नववा.

मग अंधार पडेपर्यंत दोघं वेळांचे कागद मांडून.
"दुपारी वारा पडला होता," ती.
"सकाळी माझ्या टायरांइतके जुने नव्हते तुझे," तो.
बेरजा चुकल्या, पुन्हा केल्या.
कुणीतरी सूप आणलं, ते निवलं.
माक्सेन पुढच्या सीटवर झोपलेला,
कुणी त्याला काही म्हटलं नाही,
त्याचाच त्याला धाक.

मी माझ्या वळणावरची खडी झाडून आत लोटली.
त्यात सापडलं तिच्या लिव्हरचं टोक,
बोराएवढं गोल बोंड, एका बाजूने घासून चपटं झालेलं.

सोमवारी माझा रक्त तपासायचा वार.
तिने माझी बाही वर सारली.
तिच्या बाहीखालून जांभळं डोकावत होतं.
"हलू नका."
मी हलत नाही. हलवणं माझं शनिवार-रविवारचं.
बोंड खिशात होतं. द्यावं, की
पुढच्या मोसमापर्यंत राहू द्यावं,
तेवढ्यात तिने कापूस दाबला
आणि पुढचं नाव पुकारलं.