जिवाणी

पहाटे सव्वापाचला मी व्हॉल्व्ह सोडतो.
त्याआधी बादलीत टीसीएल कालवायचं,
गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत.
चौदा वर्षं झाली. बायको म्हणते,
तुमच्या सणाच्या सदऱ्यालाही दवाखान्याचा वास.

शेवटच्या नळाचं पाणी नळीत धरतो, थेंब टाकतो,
पिवळं झालं की मी सुटलो.
"भरमा, आज लई मारलंस की रं औषध!"
वास आला की शिव्या.
नाही आला तर कुणी काही बोलत नाही,
आणि मला भीती त्याच पाण्याची.

पद्माक्का मगदूम तेवढ्या कधी बोलल्या नाहीत.
माळभागाच्या कोपऱ्यावर त्यांचा नळ,
तोटीला दुपदरी पांढरं कापड.
घागर भरली की कापड उलटं करायचं,
गाळलेल्याच पाण्यानं वाटीत धुवायचं,
आणि अडकलेला जीव, दिसो न दिसो,
जिथला तिथं सोडायचा.
विहीर होती तेव्हा पायऱ्या उतरून जायच्या,
वाटी पाण्याला टेकवून हळू कलती करायच्या.
विहीर बुजली.
"बोअरला तोंड कुठं असतंय रं?"
मी हसलो होतो.
सहा इंची केसिंग, वर लोखंडी झाकण,
झाकणाला ग्रामपंचायतीचं कुलूप.
तेव्हापासून वाटी जास्वंदीच्या बुडाशी.

कापडात जे अडकेल
ते मी टाकीतच मारलेलं असतं.
हे त्यांना सांगायचं राहिलं. राहू दिलं.

वैशाखात नमुना घेऊन कोल्हापूरला गेलो,
एसटीत मांडीवर बर्फाचा डबा.
शेजारच्यानं विचारलं, मासं हायत काय?
आठ दिवसांनी कागद आला.
जिवाणूंच्या रकान्यात काही नाही.
त्याच्या खाली नायट्रेट:
पंचेचाळीसपर्यंत चालतं, आमचं एकाहत्तर.
प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला पेनानं गोल केला.
"ऊस किती तुमच्याकडं?"
मॅडम, दुसरं आहे काय.

एकाहत्तर.
रंग नाही, वास नाही,
माझी पांढरी पावडर त्याच्यापुढं नुसती पीठ.
सरपंच म्हणाले, लाव नोटीस, पण अक्षर बारीक काढ.

पद्माक्कांची नात बाळंतपणाला आलेली.
एकवीस दिवसांचं पोर, अंगावरचं दूध पुरेना,
डब्यातली पावडर पाण्यात कालवून द्यायचे.
नोटिशीची वाट न बघता मी आधी तिथं गेलो.
कागद त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो उलटा धरला.
"कापड चौपदरी केलं तर?"
न्हाई अडकत, आक्का.
"उकळून?"
उकळलं की आणिक वाढतंय.

त्या न्हाणीकडं बघत राहिल्या.
न्हाणीच्या दाराला पडदा: युरियाची पोती,
धुऊन, उसवून, एकाला एक शिवलेली.
"म्हंजे आमीच सोडलेलं," त्या म्हणाल्या.
माझ्याशी नाही.

त्या दिवसापासून बाळापुरता कॅन येतो
स्टँडजवळच्या मशीनमधनं, पाच रुपयांच्या नाण्याला.
बाकी घर नळाचंच पितं. बाकी गावही. मीही.

टाकीच्या भिंतीवर मी लिहायला घेतलं,
मोठ्या अक्षरात, लाल:
तान्ह्या बाळांना हे पाणी
इथं डबा संपला.
"देऊ नये" खडूनं लिहिलं.

आज व्हॉल्व्ह सोडून वळलो तर
बोअरपाशी पद्माक्का उभ्या,
पदराखाली वाटी झाकलेली.
"कुलूप काढ."
असं वरनं काही ओतायचं नसतं, आक्का,
आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय.
"मग कुठं सोडू?"

वाटी माझ्या हातात देऊन त्या गेल्या.
किल्ली खिशात आहे.
खालच्या गल्लीतनं कुणीतरी ओरडतंय,
भरमा, पाणी आलं न्हाई अजून,
आणि वाटी अशी काठोकाठ भरलेली
की मला हलता येत नाही.