चौथ्या फेरीतला कायतान

साखळीच्या बाजारात, रंगाच्या दुकानावर,
जिना चढून डावीकडे माझ्या चार खुर्च्या.
एसीचं पाणी बादलीत. तासाला साठ रुपये.
चपला बाहेर काढायच्या, शिव्या आत चालतात.

नवा खेळ आला त्या संध्याकाळी कुणी खेळलंच नाही.
युगांकने बंदूकधाऱ्याला भिंतीपाशी उभं केलं
आणि सगळे त्याच्या मानेकडे बघत राहिले.
घामोळं आहे रे, घामोळं!
नखात माती बघ.
कानाखाली दाढी करताना कापलंय.
फ्लाविया म्हणाली, केस खोटे आहेत,
खरे केस भिजायच्या आधी चिकटतात.
तिचं कोण ऐकतंय.
सोयरू पडद्याला नाक लावून
त्याच्या नाकावरची भोकं मोजत होता,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा
माणूस म्हणजे अकरा चौकोन.
बोटं नव्हती, हात म्हणजे नुसता ठोकळा,
तोंड पाकिटावरच्या तिकिटासारखं डकवलेलं.
उरलेला माणूस आम्ही घरून आणायचो.
त्याची बायको, त्याचं कर्ज, तो कुठून पळून आलाय,
हे मी शेवटच्या बसमध्ये
म्हापसा ते अस्नोडा रचत यायचो.
आता काही आणावं लागत नाही.
तो भरलेलाच येतो.

चौथ्या फेरीत गोणींमागून एक शत्रू उठला
आणि चारही खुर्च्या एकदम ओरडल्या,
आरे, हो तर कायतान पोदेर!
तेच डावीकडे कललेलं नाक,
तीच एक भुवई, दुसरीहून दमलेली.

कुठल्या तरी थंड देशात एक माणूस
कॅमेऱ्यांच्या रिंगणात स्टुलावर बसला असेल,
दिवसाची मजुरी घेऊन घरी गेला असेल.
त्याला काय ठाऊक,
त्याचं तोंड साखळीत रोज पहाटे
सायकलवरून पाव विकतं.

त्या रात्री पोरांनी कायतानला चाळीस वेळा मारलं.
उंडे कितके, कायतान? धाड.
पोळी आसा? धाड.
मीही हसलो. दोनदा मीच मारला.
एक्केचाळिसाव्या वेळी तो लगेच मेला नाही.
गुडघ्यावर बसला, तळहात उलटा करून बघितला,
मग वर, आमच्याकडे.
तसं करायला त्याला कुणीतरी शिकवलं होतं, हे आम्हाला कळत होतं.
तरी बटण कुणी दाबलं नाही.
बादलीत टप टप.

पहाटे भोंगा वाजला. पों पों.
सुटे पैसे मोजताना मी
त्याच्या नाकावरची भोकं बघत होतो.
कितें पळयता रे?
काही नाही, म्हटलं, आणि एक उंडा जास्त घेतला.

शनिवारी फ्लावियाने त्याला हाताला धरून वर आणलं.
चपला काढायला तो विसरला, मीही बोललो नाही.
खोलीत भट्टीचा वास शिरला.
युगांकने शत्रूला उजेडात फिरवला,
दुकानदार शर्टपीस फिरवतो तसा.
कायतान बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, हो हांव न्हय.
हाच्या हाताक भाजिल्लें ना.
आणि बाही वर करून दाखवली,
मनगटापासून कोपरापर्यंत
भट्टीच्या दाराचे काळे पट्टे, एकावर एक.

तीन पायऱ्या उतरून तो थांबला.
हाका थंय पाव कोण दिता?
कुणी उत्तर दिलं नाही, त्यानेही वाट बघितली नाही.

सोयरूने त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही.
साठ रुपये भरून
त्या पडक्या शहरात बेकरी शोधत फिरला.
वेळ संपायला चार मिनिटं असताना सापडली.
काचेमागे पाव होते,
कवचाला तडा गेलेले, वर पीठ भुरभुरलेलं,
एकाची कड जरा करपलेली.
त्याने दार ढकललं. पुन्हा ढकललं.
दार भिंतीवर नुसतं चितारलेलं होतं.