दोनशे एकतीस ग्रॅम

पिठाच्या काट्यावर दर रविवारी
मी त्याला पत्र्याच्या मगात बसवतो.
ऑगस्टात दोनशे एकतीस.
सप्टेंबरात दोनशे बारा.
आज एकशे अठ्ठ्याऐंशी,
शेपटी काठावर टेकलेली, म्हणून एखादा ग्रॅम इकडेतिकडे.

मुलगा रॉटरडॅमला निघाला तेव्हा म्हणाला होता,
बाबा, फक्त सहा महिने.
देगू म्हणजे उंदीर नव्हे,
चिलीतल्या डोंगरउतारांवरचा जीव आहे,
वाळलं गवत खातो, धुळीत लोळतो, पहाटे गातो.
तीन वर्षं झाली.
ओस्ट्रावाच्या या चौथ्या मजल्यावर
पहाटे आम्ही दोघंच जागे असतो.
एक गातो, एक खोकतो.

दात त्याचे नारिंगी होते, गाजराच्या सालीसारखे.
पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी दचकलो,
घासायचे राहिले की काय?
फोनवर पोरगा हसला,
नारिंगी म्हणजे ठणठणीत.
पुढे ते फिके पडत गेले
आणि मी विसराळू म्हातारा, मला वाटलं,
चला, स्वच्छ झाले.

मग तो काडी उचलायचा, चघळायचा,
टाकून द्यायचा.
हनुवटीचे केस ओले.
चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते माझ्यासारख्यांबद्दल,
माझे रात्री पेल्यात बुडालेले असतात.
याचे तर तोंडात होते, वाढतही होते,
तरी भूक ताटातच राहत होती.

डॉक्टर द्राहोमीरा श्पाचकोवाचा दवाखाना
ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे.
बाहेर एक कासव, दोन मांजरी, आणि बुटाच्या खोक्यात आम्ही.
तिनं बारीक नळीचा दिवा त्याच्या गालात घातला,
म्हणाली, बघायचंय?

मी डोळा लावला.
सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलीत मी,
जागा ओळखीची वाटली,
अरुंद, ओलसर, बाजूंनी आत आलेली.
खालच्या दाढेचा एक सुळका जिभेत रुतलेला.
छत खाली येतंय, मी म्हणालो.
नाही, ती म्हणाली, उलटं आहे.
एक्स-रे उजेडासमोर धरून तिनं बोट ठेवलं,
वरची मुळं वर चढत होती, डोळ्याच्या दिशेनं.

यांचे दात मरेपर्यंत वाढतात.
झिजायला गवत लागतं, पुष्कळ गवत.
तुम्ही काय देता?

गवत देतो.
आणि?
रविवारी कोलाच. खसखशीचा. एवढासाच.
आणि?
मनुका.
कधी?
...रोज.

ती रागावली नाही. कागदावर लिहीत राहिली.
साखर यांना सोसत नाही, एवढंच म्हणाली,
रक्ताची एक तपासणीही करून घेऊ.
लाड करायची दुसरी रीत
मला कुणी शिकवली नव्हती, हे मी सांगितलं नाही.

भूल द्यायला अंगठ्याएवढा मुखवटा.
चाळीस मिनिटं, फार तर पन्नास.
मी बाकावर बसलो, टोपी हातात.
आतून बारीक घरघर येत होती, यंत्राची.

खाली उतरणं मला ठाऊक होतं.
वर उभं राहून, घड्याळाकडे बघत,
कुणीतरी परत येईल म्हणून थांबणं,
ते मी कधी केलंच नव्हतं.
ते यार्मिला करायची.
सत्तावीस वर्षं, रोज.
आणि मी घरी येऊन विचारायचो, सूप गरम आहे का.

तासाभरानं खोका परत मिळाला.
तो आत टॉवेलवर, डोळे अर्धे,
झिंगल्यासारखा माझ्या बोटावर डोकं टेकून.
सुळका कापला. मुळांचं काही करता येत नाही.
दर सहा आठवड्यांनी यायचं,
जमेल तितके दिवस.

आता सुईशिवायच्या सिरिंजनं
हिरवा लगदा भरवतो, दर तीन तासांनी,
रात्रीसुद्धा, पाळी लावल्यासारखा.
पहिल्या दिवशी त्यानं तो माझ्या चष्म्यावर थुंकला.
मुलाचा फोन आला, मनुकांचं सांगितलं.
तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
मीही द्यायचो.

गाणं अजून सुरू झालेलं नाही.
पण काल रात्री अंधारात खरखर ऐकू आली,
हेझलच्या फांदीची साल निघत होती.

आज एकशे एक्याण्णव.
मगाचं वजन वजा करून.
दोनदा मोजलं.