बेसावध

कॅमेरा वर उचलला की माझे वडील संपतात.
उरतो तो मासेमारी संघाचा सभासद क्रमांक दोनशे अकरा,
खांदे ताठ, हनुवटी वर, श्वास कोंडलेला,
जणू समोर मी नाहीच,
शिक्का हातात घेऊन कुणी साहेब बसलाय.
बाबा, श्वास तरी सोडा, म्हणते मी.
काढ आधी, मग सोडतो, म्हणतात.

म्हणून मी त्यांना माशाचे काटे काढताना गाठते.
धुरावलेल्या चपट्या माशावर वाकलेले असतात,
जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात,
सत्त्याहत्तर वर्षांचं पोर.
माझा झेनिट जुना, खटका दार आपटल्यासारखा वाजतो.
एकदाच मिळतं जे मिळायचं ते.
पुढचा सबंध तास ते परत दोनशे अकरा.

आईचा हात तिच्या चेहऱ्याआधी जागा होतो.
माझ्याकडे तिचे नव्वद तरी फोटो असतील,
बहुतेक हाताचेच:
बटाट्याच्या मातीचा, राईच्या पिठाचा,
अंगठी रुतून बसलेला,
एकदा तर लोकरी मोज्यासकट.
पूर्वी चिडायचे. आता हातच नीट फोकस करते.

आस्टामावशी विचारते, दात दिसतात का गं?
दिसतात मावशी, दोन्ही.

सारेमावर जूनमध्ये रात्र येते ती नावापुरती.
साडेदहाचं ऊन जुनिपरच्या झुडपांतून आडवं शिरतं
आणि ओळखपाळख नसताना कुणाच्याही गालावर बसतं.
त्या उन्हात काइदोचा, माझ्या भावाचा, चाळिसावा वाढदिवस.
अंगणात दोन टेबलं जोडलेली, मध्ये फट,
फटीत सारखा कुणाचा तरी पेला कलंडतोय.
काइदो ट्रॅक्टरचा तोच किस्सा सांगत होता,
आणि सगळे तोच किस्सा असल्यामुळे हसत होते.
मी सगळ्यांना घेतलं. खटका हसण्यात बुडाला.

ऑक्टोबरात न्हाणीघरात लाल दिवा लावला.
ट्रेमधल्या पाण्यात आधी केस येतात, मग डोळ्यांच्या खाचा,
चेहरा मागाहून येतो, आपण बोलावलं म्हणून नाही,
त्याची वेळ झाली म्हणून.
टेबलाच्या टोकाला पिरेत आली.
माझी वहिनी; त्याआधी शाळेतल्या बाकावरची माझी पिरेत.
ती हसत नव्हती. रडतही नव्हती.
सुटलेल्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहून
माणूस किनाऱ्याकडे बघतो ना,
तशी ती आम्हा सगळ्यांकडे बघत होती.

फोटो चिमट्याला टांगलेला असतानाच ती आली,
मध मागायला, की असंच.
बराच वेळ बघत राहिली.
“मला विचारलं होतंस?”
“नाही.”
“विचारलं असतंस तर हसले असते.”
मग ओल्या कागदाला बोट न लावता, हळूच:
“कधीचा आहे हा?
मला स्वतःला तर ऑगस्टात कळलं.”

काय बोलायचं यावर.
मध दिला. बरणी अर्धीच भरलेली होती.

मार्चमध्ये ती विर्त्सूच्या बोटीत चढली, दोन बॅगा, एक कुंडी.
मी धक्क्यावर होते. कॅमेरा घरी ठेवून गेले होते,
आणि गळ्यात सारखा काहीतरी नसल्याचा भार.

काइदो परवा आला. वाढदिवसाचे फोटो मागितले.
मी पाकीट दिलं. त्याने तिथेच, स्वयंपाकघरात,
पत्ते वाटावेत तसे एकेक करून मोजले.
“रोलमध्ये छत्तीस असतात ना?”
“असतात.”
“हे पस्तीस.”
“एक हलला,” म्हटलं मी.

त्याने मान डोलावली. खिडकीकडे वळला.
आणि मग त्याचा चेहरा, कुणासाठीच नसलेला,
चाळीस वर्षांत मी एकदाही न पाहिलेला,
मार्चच्या त्या कोरड्या उजेडात,
दीड हातावर.
झेनिट टेबलावर होता. रोल भरलेला. झाकण काढलेलं.

माझा हात लेन्सवर जाऊन बसला,
बोटं पसरून,
थेट आईचा हात.