उघाडी

हसुराम तांडेल, वय एकसष्ट, करावे गाव, नेरूळ.
अकरा दिवसांपूर्वी गुडघा बदलला.
आज पहाटे मोरीच्या दारात खाली बसले
ते बसलेच.

पोटरीतली गुठळी सुटून वर गेलेली,
धमनी जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते
तिथे खोगिरासारखी आडवी.
उजवं हृदय फुगलेलं, डावं जवळजवळ रिकामं.

डॉक्टर हर्षलाला सांगत होते, उभ्यानंच:
विरघळवायचं औषध आहे,
पण गुडघ्याची जखम ओली आहे.
जांघेतून नळी घालून ओढता येते,
पण तो माणूस पुण्याला आहे, आणि बीपी साठ.
राहिली छाती उघडणं.
उघडा, ती म्हणाली. मग, थांबा, दादाला विचारते.
दादाचा फोन लागेना.
तिनं सही केली. आधी सासरचं आडनाव,
ते खोडून माहेरचं.

मला म्हणाली (अशा वेळी माणसं काहीही सांगतात),
बाबा खाडीच्या उघाडीवर होते.
भरतीला फळ्या लावायच्या, ओहोटीला काढायच्या.
गाळ अडकला की कमरेभर पाण्यात उतरून
हातानं उपसायचे.
शेत गेलं. आता तिथे सेक्टर आहे.

मी मशीनवाली.
परफ्युजनिस्ट म्हणते, मग पुन्हा मशीनवाली म्हणते.
पंप सुरू. मिनिटाला साडेचार लिटर.
भूलवाल्यानं फुप्फुसांची हवा थांबवली.
हृदय आपलं धडधडत होतं, रिकामंच,
बिनकामाच्या माणसासारखं.

धमनीला दीड इंचाची चीर.
चिमट्यात आली ती वीतभर, काळी,
पायातल्या शिरेचा वळसा जसाच्या तसा घेऊन.
मग तुकडे. मग बारके तुकडे.
अजून आहे, डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ
कुणी काही बोललं नाही.
मग आतून आलं लाल, पातळ, स्वतःहून.

मी कमी करत आणलं:
तीन. दोन. एक.
हात क्लँपवर.
उजव्या हृदयानं जरा विचार केला.

बाहेर हर्षला भिंतीला टेकून.
दोन दिवस काही सांगता येणार नाही, हे तिला सांगून झालेलं.
तिनं वेगळंच विचारलं:
मधल्या वेळात बाबांचा श्वास कोण घेत होतं?
मशीन, म्हणायला हवं होतं.
मी, म्हटलं.
ती माझ्या हातांकडे बघत राहिली.
मी ते खिशात घातले.