लाभ, दोन, तीन

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
कोपरखैरणे, माथाडी वसाहत, वरची खोली.
वृषालीला ऐरोलीत नाइट ड्यूटी.
तिथे ती लोकांची बाळं बघते,
इथे मी आमचं.

दूध झालं. ढेकर निघाला.
लंगोट कोरडा, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावून झालं.
पंखा दोनवरून तीनवर, तीनवरून परत दोनवर.
तरी ईश्वरी टक्क जागी.
भाव ऐकूनही न हलणाऱ्या गिऱ्हाइकासारखी
माझ्याकडे बघतेय.

मला अंगाई येत नाही.
एक ओळ येते, ती दुसरीपर्यंत पोचत नाही.
फोनवर धबधब्याचा आवाज लावला,
तर मध्येच एक बाई कर्ज घ्या म्हणाली.
मग म्हटलं, जे येतं तेच म्हणू.
कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहे मी.
दिवसभर काट्यापाशी उभा राहून जे ओरडतो तेच,
फक्त हळू, नाकातल्या नाकात:
लाभ… दोन… तीन… चार…

एक म्हणायचं नसतं.
पहिलं माप लाभाचं, हे तात्यांचं.
तात्या पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे,
आकडा कधी चुकला नाही त्यांचा.
घरी मात्र आम्ही चौघांतले किती झोपलो, किती जागे,
हे त्यांनी कधी मोजल्याचं आठवत नाही.
तेच आधी झोपायचे,
भिंतीकडे तोंड करून,
मानेखालचा घट्टा आमच्याकडे.

अकरा. बारा.
खिडकीपासून मोरीपर्यंत सात पावलं,
मोरीपासून खिडकीपर्यंत सहाच.
ठाणे-बेलापूर रोडला कुणीतरी कंटेनरचा गिअर बदलतो,
खाडीकडचा एक डास माझ्या कानापाशी येऊन
तिच्याकडे निघतो. हात मोकळा नाही.
फुंकर मारतो. एकोणीस. वीस.
बनियनला कांद्याचा वास आहे, धुतला तरी जात नाही,
तिने त्यातच नाक खुपसलंय.
मान जरा सैल.

मापाडी म्हणून एक सांगतो,
कुठल्या वहीत नोंद नाही याची.
झोप लागली की मूल जड होतं.
काट्यावर ठेवा, आकडा तोच दिसेल,
दुपटं वजा जाता सहा किलो दोनशे.
पण हाताला कळतं.
जागेपणी ती स्वतःचं थोडं वजन
स्वतःच उचलून असते,
कुणावर भरवसा नसल्यासारखी.
मग कधीतरी ते सगळं सोडते.
आज एकतिसाला सोडलं.

आता उतरवायचं.
गोणी टाकायची नसते, ठेवायची असते, म्हणायचे तात्या.
आधी पाय. मग बूड. मग पाठ.
डोकं शेवटी, हात त्याच्याही नंतर.
उताणीच. उशी नको, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.
श्वास धरून तळहात काढला,
एक बोट, दुसरं,
आणि माझा गुडघा वाजला.

डोळे.
दोन्ही.

बरं.
लाभ.

साडेसातला वृषाली आली,
चपला दाराबाहेर हाताने काढून.
नुसत्या ओठांनी विचारलं, किती वेळा उठली?
मी एक बोट वर केलं. लाभ, म्हटलं.
ओट्यावर तीन बाटल्या विसळून पालथ्या होत्या.
तिने त्या बघितल्या.
माझ्याकडे बघितलं.
काही बोलली नाही.

युनिफॉर्मवरच लेकीशेजारी आडवी झाली,
केसातली पिनसुद्धा न काढता.
मी तिच्यासाठी मोजायला तोंड उघडणार,
तर तिचा हात माझ्या गुडघ्यावर
जड झालेला.

आठला माल लागतो.
थोडा वेळ तसाच बसलो.