शुक्रवारी दोन वाजता

बॉइसीत बाजार दुपारी दोनला बंद होतो,
न्यूयॉर्कात तेव्हा चार.
दोनला पाच कमी असताना अँटोन गोइरी
गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा उचलतो
आणि म्हणतो, "जरा थांब हं."
गिऱ्हाईक थांबतं. गालावरचा फेस वाळत राहतो.

सोमवारीच विचारलेला असतो प्रश्न, एका ओळीचा :
टेसेलॉनचा शेअर या शुक्रवारी
दोनशे बारा डॉलरच्या वर बंद होईल का?
'हो' एकेचाळीस सेंटांना, 'नाही' साठला.
(दोन्ही मिळून एकशे एक होतात.
वरचा एक कुणाचा, ते विचारायचं नसतं.)
खरं ठरेल त्याला डॉलर,
उरलेल्याच्या हातात भोपळा.

त्याचा बाप बास्क मुलखातून मेंढ्या राखायला
या डोंगरांत आला होता.
शंभर मेंढ्यांमागे एक खडा खिशात टाकायचा.
पुढच्या वर्षी किती होतील, असं मालकाने विचारलं
की म्हणायचा, पुढच्या वर्षी मोजू.

अँटोनची लेक नेकाने टेसेलॉनमध्येच आहे.
शहराबाहेर, बिनखिडक्यांच्या इमारतीत,
पांढऱ्या सूटमध्ये, फक्त डोळे उघडे.
तिने कागदावर सही केलीय :
आतलं बाहेर बोलणार नाही. घरीसुद्धा.
त्यामुळे रविवारच्या जेवणाला दोघं
रस्सा, लाल मिरच्या आणि हवा यांवर बोलतात.

एकदा तिने मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं
आणि चक्क शीळ घातली भांडी विसळताना.
दुसऱ्या दिवशी त्याने 'हो' घेतलं.
चाळीस डॉलर आले.
तिच्या पर्समधून काढल्यासारखे
ते तीन दिवस ड्रॉवरमध्ये पडून होते,
म्हणजे ते काही ड्रॉवरमध्ये नव्हते, फोनमध्ये होते,
पण तो ड्रॉवरच उघडून बघायचा.

तेव्हापासून फक्त 'नाही'.
दर सोमवारी तीस डॉलर.
शेअर पडला की माणसं कमी करतात,
आणि ती खोकं घेऊन दारात उभी राहिली
तर काहीतरी असावं बाजूला.

"लेकीविरुद्ध पैसे लावतोस?" वेंडेल म्हणाला,
अर्धी दाढी झालेला.
"विमा समज."
"विमा काढलेला माणूस
आग बघायला खुर्ची टाकून बसत नाही, अँटोन."
यावर त्याने वेंडेलची मान
जरा जास्तच डावीकडे वळवली.

या शुक्रवारी शेवटचं मिनिट :
दोनशे अकरा सत्त्याण्णव.
दोनशे बारा चार.
तळ्यात. मळ्यात.
कुणीतरी कुठेतरी झोपेत कूस बदलावी तसा आकडा हलला
आणि दोनशे अकरा अठ्ठ्याण्णववर थिजला.
दोन सेंटांनी 'नाही' खरं झालं.
वीस डॉलर फायदा.
त्याने गिऱ्हाइकाचा फेस पुन्हा ओला केला,
दुसऱ्या गालालाही उगाच लावला.

रविवारी नेकाने आली. एकदाच वाढून घेतलं.
मग म्हणाली, केस काप.
स्वयंपाकघरात, खांद्यावर टॉवेल टाकून
त्याने विचारलं, किती?
"कानापर्यंत."
"एवढे लहान?"
"नवी टोपी घट्ट आहे. आत मावत नाहीत.
वर्षभर तीच चालवायची म्हणे."

कात्री थांबली.
वर्षभर.
हे बोलणं झालं का? की नुसते केस?
बाहेर शेजाऱ्याचं पाणी गवतावर फिरत होतं,
टिक टिक टिक, आणि परत पहिल्यापासून.
तिच्या मानेवर एक पांढरा केस होता,
तो त्याने काही न बोलता कापला.

"तुझं काय चाललंय?" तिने विचारलं.
"दाढ्या."

सोमवारी 'नाही' पंचावन्नला होतं.
दुकान उघडायच्या आधी तो बराच वेळ
अंधाऱ्या आरशासमोर उभा राहिला.
मग तीस डॉलरचं घेतलं,
नेहमीसारखं 'नाही'च,
हात धुतले
आणि पाटी उलटी केली.